केशरी दाणा

"माझा हात कुठं गेला?"

सिंधूमावशी दारातूनच विचारत होती. पायांत चपला तशाच, कानांवरून घट्ट बांधलेला स्कार्फ, आणि मोबाइल माझ्या नाकापुढं धरलेला. मी बाहेरच्या खोलीत खोक्यांच्या गराड्यात फतकल मारून बसले होते, दातांत चिकटपट्टीचं टोक. संक्रांत तोंडावर आली होती आणि हलव्याच्या दागिन्यांची पार्सलं दुपारच्या आत कुरिअरला द्यायची होती.

"कुठला हात?" मी चिकटपट्टी तोंडातून काढत विचारलं.

"हा." तिनं उजवा पंजा उघडून दाखवला. मनगटावर तुळशीचं हिरवं गोंदण, बोटांची टोकं पाकानं भाजून भाजून गुळगुळीत झालेली. "फोटोतला. रिचार्ज संपलेला म्हणून मधे बघायचं राहिलं. आज बघते तर हार आहे, बांगड्या आहेत, मुकुट आहे. माझा हात नाही कशातच."

"अगं, नवीन फोटो टाकलेत. पांढऱ्या कागदावर ठेवून काढले. किती ठसठशीत दिसतायत बघ तरी!"

"आणि दाणा?"

"तोही काढला की. मोबाइलवर पुसता येतो. बोट फिरवलं की झाला पांढरा." मी जरा मिजाशीतच सांगितलं. रात्रंदिवस खपून शिकले होते मी ते.

मला वाटलं, आता मावशी रडणार. पण ती रडली नाही. तरातरा स्वयंपाकघरात गेली. माझ्या सासूबाईंनी, माईंनी, तिच्यासाठी सकाळीच कोळशाची शेगडी पेटवून ठेवली होती. तिनं परात उचलून खाली ठेवली आणि तांब्याभर पाणी सरळ शेगडीवर ओतलं. घरभर धूर झाला.

"तुझ्या दुकानात माझा हात नको ना? मग माझ्या हातचंही नको," ती म्हणाली आणि निघून गेली.

माई पदरानं डोळे पुसत बाहेर आल्या. "वसुधा, काय केलंस तिला?"

"फोटो बदलले, माई! खून नाही केला कुणाचा!"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. हंगाम असा ऐन भरात, ऑर्डरी डोक्यावर बसलेल्या, आणि हिला हाताचा पुळका आलाय!

सिंधूमावशी माझी सख्खी मावशी नव्हे. कराडच्या मंडईजवळ दर पौषात ती एका दुकानाच्या पायरीवर टेबल टाकून हलव्याचे दागिने विकायची. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीचे, तान्ह्यांच्या बोरन्हाणाचे. मी तेव्हा 'घडणावळ' नावाच्या ऑनलाइन बाजारात दुकान काढलं होतं. हातानं केलेल्या वस्तूच फक्त विकायच्या, असा तो बाजार. मी विणलेली तोरणं तिथं नुसती लटकत होती, कुत्रं विचारत नव्हतं. एकदा मावशीच्या टेबलापाशी उभी राहिले आणि डोक्यात किडा वळवळला. म्हटलं, मावशी, तू कर, मी फोटो काढून विकते.

तिनं पैशांचं काही विचारलंच नाही. "फोटो कुणालाही दिसतो? ओळखपाळख लागत नाही?" एवढंच विचारलं.

"कुणालाही. जगाच्या पाठीवर कुठंही. हलव्याचे दागिने असं नुसतं लिहिलं की समोर."

"मग माझ्या हातावर घेऊन काढायचा. हाताशिवाय माप कळत नाही गिऱ्हाइकाला."

मला पटलं. तेव्हापासून आमच्या दुकानातल्या प्रत्येक फोटोत मावशीचा हात. गोंदण दिसलं पाहिजे म्हणून बांगडी मागं सारायची. हार धरायची तोही उलटा, मागची गाठ पुढं. आणि त्या गाठीला लागून पांढऱ्याशुभ्र काटेरी हलव्यात एकच दाणा केशरी. प्रत्येक दागिन्यात, न चुकता. पहिल्या वर्षी मी विचारलं, तर म्हणाली, "असतो तो." मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून असेल. रोज संध्याकाळी ती मोबाइलवर दुकान उघडून सगळे फोटो एकेक करून बघायची. मी थट्टा करायचे, "मावशी, पाठ झाले असतील की आता!" ती हसायची नाही.

त्या वर्षी मात्र त्या दाण्यानं माझा पिच्छा पुरवला. 'एक दाणा डागाळलेला आहे.' 'रंग लागलाय, फोटोतही दिसतो.' एकीनं तर एकच तारा दिला आणि लिहिलं, 'सुनेच्या अंगावर घालायला लाज वाटली.' मी वैतागून एक तयार उत्तरच करून ठेवलं. कुणी दाण्याबद्दल लिहिलं की बोट दाबायचं, उत्तर आपोआप जायचं: 'नमस्कार. तो दाणा चुकून लागला आहे. क्षमस्व. लवकरच नवीन फोटो पाहाल.' त्यात घडणावळचं फर्मान आलं. पहिल्या फोटोची पार्श्वभूमी पांढरी हवी, फोटोत शरीराचा भाग नको, नाहीतर वस्तू शोधात दिसणार नाही. संक्रांतीच्या तोंडावर शोधात दिसायचं नाही म्हणजे दुकान बंदच की! मी सगळे फोटो नव्यानं काढले, दाणे पुसले, आणि खरं सांगायचं तर ऑर्डरींचा पाऊस पडला.

दुसऱ्या दिवशी मावशी आली नाही. फोन बंद. मी परात चढवून स्वतः हलवा करायला बसले. त्याला काटा म्हणून येईना. चमचाभर पाक सोडायचा, बोटांनी हळूहळू हलवत राहायचं, पुन्हा पाक सोडायचा. ऐकायला काय, सोपं वाटतं. माझी बोटं पोळली आणि खसखशीचे लाडू झाले. उठावं, दारात जावं, रस्त्याकडं बघावं, परत यावं. फोन बघावा, पुन्हा ठेवावा. माई शेवटी म्हणाल्या, "अगं, पिंजऱ्यातल्या मांजरीसारखी येरझाऱ्या काय घालतेस? जा तिच्याकडं. आणि तोंडाचा पट्टा जरा आवरून जा."

शनिवार पेठेत एका चाळवजा घराच्या मागच्या बाजूला तिची खोली होती. नवरा वारल्यापासून ती एकटीच राहायची. मूलबाळ काही नाही, असंच आम्हाला सगळ्यांना माहीत. दार उघडंच होतं. ती जमिनीवर बसून काळ्या दोऱ्याचं रीळ उलगडत होती आणि पुन्हा गुंडाळत होती.

"मावशी, चूक झाली. तुला विचारायला पाहिजे होतं," मी म्हटलं. "पण हाताच्या फोटोपायी दुकान बुडवायचं का? तूच सांग."

"बुडू दे."

"बुडू दे काय! इतक्या सुनांच्या पहिल्या संक्रांती अडकल्यात!"

यावर तिनं वर बघितलं. "माझ्या पोरीचीही अडकली होती," ती म्हणाली.

मी दारातच मटकन बसले. "तुला मुलगी आहे?"

"स्वप्नाली. तिनं मनानं लग्न केलं. मुलगा चांगला होता, आपल्यातला नव्हता. तिच्या बापानं सांगितलं, या घरात तिचं नाव घ्यायचं नाही. मी मान डोलावली. पण पहिली संक्रांत आली तशी मला राहवेना. हे कामावर गेले की मी करत बसायचे. हार, तन्मणी, बाजूबंद, सगळं. तिला चोरून फोन केला, पाठवते म्हणाले. पोर हरखली. कुणाकुणाला सांगून बसली, माझ्या आईचे दागिने येतायत म्हणून."

ती दोरा गुंडाळत होती. आवाज अगदी रोजचा, भाव करतानाचा.

"ह्यांनी बघितलं. शिव्या नाहीत, मार नाही. बादलीत पाणी घेतलं, आणि एकेक दागिना त्यात सोडला. साखरच ती. मी बघत उभी राहिले. बादलीत शेवटी नुसता दोरा राहिला. संक्रांतीच्या सकाळी तिचा फोन आला, आई, अजून नाही आलं गं. हे समोर उभे. मी म्हणाले, चुकून बोलले गं मी तेव्हा, वाट नको बघूस. ती 'बरं' म्हणाली. तेवढंच. पुढं नंबर बदलला, गाव बदललं. हे गेल्यावर मी शोधली. लग्नाच्या साक्षीदारांपर्यंत जाऊन आले. कुणी सांगेना."

मी विचारलं, "आणि दाणा?"

"तो तिचा." पहिल्यांदाच मावशीच्या तोंडावर हसू आलं. "एवढीशी होती, माझ्याजवळ बसून हट्ट करायची, एक दाणा माझा, केशरी, आणि तो मधोमध. लावला मधोमध की मान खाली करून तोंडानंच ओरबाडायची, मेली! हार भोंगळा. मग मी तो मागं गाठीपाशी लावायला लागले. तिथं तिचं तोंड पोचायचं नाही. रडायची, पाय आपटायची, मधेच लाव, मधेच लाव. पण मी काही लावला नाही." ती थांबली. "म्हटलं, कधी ना कधी तिच्या घरी मूल होईल, बोरन्हाण करेल. नाहीतर जावेची, नणंदेची संक्रांत असेल. पौषात कुठली बाई मोबाइलवर हलव्याचे दागिने बघत नाही? तू म्हणालीस, कुणालाही दिसतं. माझा हात दिसेल, दाणा दिसेल. बोलायचं तर बोलेल, नाहीतर नुसतं कळेल तरी तिला, की आई अजून लावते."

मी काही बोलणार होते. पण त्याच वेळी डोक्यात काहीतरी खटकलं. मोबाइल काढला. घाईत दोनदा तर भलतंच काही उघडलं. तक्रारींच्या गर्दीत मी मागं मागं जात राहिले.

"काय गं?" मावशीनं विचारलं.

"थांब. जरा थांब ना."

सापडला. फोटो बदलायच्या आदल्या दिवशीचा निरोप. मी तो तेव्हा धड वाचलाही नव्हता. केशरी दाणा हे शब्द दिसले आणि बोट दाबून मोकळी झाले होते.

"वाच," मावशी म्हणाली. तिला माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं असावं.

मी वाचलं. "'हाराच्या गाठीजवळ एक केशरी दाणा दिसतो आहे. तो मुद्दाम लावलाय की चुकून?'"

बाकीच्या बायका डाग म्हणत होत्या, रंग लागलाय म्हणत होत्या. मुद्दाम का, असं आजवर एकीनंही विचारलं नव्हतं.

"मग? तू काय सांगितलंस?"

मी मोबाइल तिच्या हातात दिला. ती एकेक अक्षर लावत वाचू लागली. "'तो दाणा चुकून लागला आहे.'" पुढचं तिनं वाचलंच नाही. त्याच्याखाली त्या बाईचं उत्तर होतं, एकाच शब्दाचं. 'बरं.'

मावशीनं मोबाइल मांडीवर पालथा घातला. "दोनदा ऐकलं पोरीनं," ती म्हणाली. "दोन्ही वेळेला चुकूनच."

त्या खोलीत मला बसवेना. उभी राहिले तर उभंही राहवेना. दुसऱ्याच दिवशी मी फोटो बदलले होते. तिनं पुन्हा येऊन बघितलं असेल तर काय दिसलं असेल तिला? पांढरा कागद. मी म्हटलं, "आपण आत्ता लिहू. मी सगळं सविस्तर लिहिते, मावशी, हे असं असं झालं, तुझी आई..."

"नाव काय लिहिलंय तिनं?" मावशीनं मधेच विचारलं.

मी तिच्या मांडीवरचा मोबाइल उचलून बघितला. बायका त्या बाजारात खरं नाव कुठं लिहितात! "ओवीची आई," मी म्हटलं.

मावशीच्या हातातून रीळ सुटलं आणि गडगडत कॉटखाली गेलं. "ओवी," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "ओवी." नाव तोंडात बसतंय का बघावं तसं. "मुलगी आहे होय गं. ओवी ठेवलंय नाव." आणि मग मात्र ती रडली, तोंडावर पदर धरून, आणि तिच्याबरोबर मीही.

डोळे पुसून झाल्यावर म्हणाली, "तू लांबलचक काही लिहू नकोस. माझी बाजू आता तिला कशाला? ऊठ, फोटो काढ."

फळीवर एक तयार हार होता. तिनं बांगडी मागं सारली, गोंदण वर केलं, हार उलटा धरला. केशरी दाणा बरोबर तळहाताच्या मध्ये आणला. दारातल्या उन्हात मी तो फोटो काढला. मी तो त्या निरोपाखाली पाठवला. खाली काय लिहू विचारलं.

"मुद्दाम," ती म्हणाली. "एवढंच लिही."

आणि मी दुकानातले पांढऱ्या कागदाचे सगळे फोटो काढून टाकले. तिथंच बसून, एकेक करून हाताचे जुने परत चढवले. संध्याकाळपर्यंत घडणावळनं आमच्या वस्तू शोधातून गायब केल्या. मी त्यांच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला.

"मॅडम, मुख्य फोटोत शरीराचा भाग चालत नाही," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"बाई गं, हातानं केलेल्या वस्तूंचा बाजार तुमचा, आणि हातच चालत नाही?"

"नियम आहे, मॅडम."

"मग राहू दे गायब. ज्याला पत्ता ठाऊक आहे तो येईल."

मावशी परत कामाला लागली. आलेल्या ऑर्डरी आम्ही वेळेत पाठवल्या. पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या निरोपाखाली काहीच येत नव्हतं. भात लावला की मोबाइल, खोकं बांधलं की मोबाइल. मावशी विचारायची नाही, पण मी मोबाइल उचलला की तिचा परातीतला हात थांबायचा. मी मान हलवली की बोटं पुन्हा फिरू लागायची. संक्रांत आली. माईंनी वाण दिलं, तिळगूळ वाटला, मावशीनं दिवसभर सगळ्यांशी गोड बोलून घेतलं. तिच्या नशिबी सकाळीही काही आलं नाही, संध्याकाळीही नाही.

"नसेल ती तिची पोर," माई मला एकीकडं घेऊन हळूच म्हणाल्या. "ओवी नावाच्या काय कमी पोरी आहेत?"

"माई, शुभ बोला हो जरा!" मी खेकसले. पण मलाही आता तसंच वाटू लागलं होतं.

रथसप्तमी जवळ आली. तोवरच बोरन्हाण करतात, मग दागिन्यांचा हंगाम संपला. मावशी उरलेला हलवा डब्यात भरत होती, मी खोकी घडी घालून माळ्यावर टाकत होते. मोबाइल वाजला. दुकान शोधात नसल्यानं कित्येक दिवसांत तो तसा वाजला नव्हता. मी शिडीवरून उतरले की पडले, आठवत नाही.

"मावशी, ऑर्डर!"

"कुणाची?"

बोरन्हाणाचा एक पूर्ण संच, मुलीसाठी. पाठवायचा पत्ता बडोद्याचा. आणि पत्त्यावर खरं नाव लिहावंच लागतं. मी ते मोठ्यानं वाचलं. स्वप्नाली.

मावशी उठली नाही. हलव्याच्या डब्यात हात तसाच बुडवून बसली. "अजून काही लिहिलंय?"

विशेष सूचना लिहायच्या जागी एक ओळ होती. मी वाचली. "'केशरी दाणा गाठीपाशी नको. मधोमध लावा.'"

"हट्ट सोडला नाही अजून!" मावशी म्हणाली, आणि हसायलाच लागली. हसता हसता तिला ठसका लागला, माई पाणी घेऊन धावल्या.

तो संच तिनं एकहाती केला. मला दोऱ्यालाही हात लावू दिला नाही. केशर नव्यानं आणलं, भिजवलं, दाण्यावर पाकाचे थर देत बसली. हार झाला, मधोमध तो एकच केशरी दाणा, बाकी सगळा चांदण्यासारखा. मी सवयीनं मोबाइल काढला. तिनंही सवयीनं हात पुढं केला, बांगडी मागं सारली, आणि मग हात आवरून घेतला.

"ह्याचा फोटो नको काढूस, वसू," ती म्हणाली. "हा दुकानातला नाही."

पार्सल गेलं. रथसप्तमी झाली, थंडी ओसरली, शेगडी माळ्यावर गेली. एका दुपारी मावशी माईंजवळ शेंगा निवडत बसली होती, तेव्हा मोबाइल परत वाजला. घडणावळवर गिऱ्हाईक वस्तू मिळाल्यावर स्वतःचा फोटो लावू शकतं. मी बघितलं आणि मोबाइल मावशीच्या पुढ्यात धरला.

पाटावर बसलेली एक गोबरी पोर, काळं झबलं, डोक्यावर मुकुट, भोवती बोरं आणि चुरमुरे सांडलेले. गळ्यात हार. त्या हाराच्या मधोमध नुसता काळा दोरा दिसत होता. पोरीची हनुवटी केशरी झालेली, आणि तोंड गच्च मिटलेलं.

मावशीनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. गुळगुळीत बोट त्या मोकळ्या दोऱ्यावरून एकदा फिरवलं.

"खाल्ला गं," ती म्हणाली. "मेली आईवरच गेलीय."